पुतळे कुठे आहेत?

(मित्रमंडळाच्या वार्षिक मेळाव्यात, उपासनेनंतर केलेल्या भाषणाचा मजकूर)



पाळकसाहेबांनी मला वीस मिनिटं दिली आहेत. जेवणाचा वास इथपर्यंत येतो आहे, तेव्हा ती पाळण्याचा प्रयत्न करतो.

सकाळी चर्चच्या पायऱ्यांवर एका काकांनी मला थांबवलं. दरवर्षी न चुकता देणगी पाठवणाऱ्यांपैकी ते आहेत. म्हणाले, "दिवाळीनंतर आम्ही तुमच्या पाड्यावर जाऊन आलो. धबधब्याची वाट चालून पाहिली. तुमच्या अंकात शिल्पवाट म्हणून लिहून आलं होतं ना? पुतळे कुठे आहेत?"

काका, पुतळे नाहीत. त्यासाठी तुम्ही सर्वांनी दिलेले पैसे बँकेत तसेच आहेत, आणि हिशेब आज मागच्या टेबलावर ठेवला आहे. पुतळे का नाहीत हे सांगणं मला लागू आहे, कारण शिल्पवाटेची कल्पना याच जागी उभं राहून मीच तुमच्यापुढे मांडली होती. बराच जोर लावून मांडली होती, हेही तुम्हाला आठवत असेल.

ती कल्पना मी जपानहून आणली. २०१८ साली मिशनने मला तिथल्या एशियन रूरल इन्स्टिट्यूटमध्ये शिकायला पाठवलं. तोचिगी जिल्ह्यातली ही संस्था तोशिहिरो ताकामी या पाळकांनी १९७३ मध्ये सुरू केली. आशिया-आफ्रिकेतल्या खेड्यांत काम करणारी माणसं तिथे नऊ महिने राहतात, एकत्र शेती करतात, डुकरं-कोंबड्या सांभाळतात आणि पिकवलेलंच शिजवून खातात. पहिले दोन महिने मला वाटत होतं की मिशनने मला शेणखत उचलायला एवढं विमानाचं भाडं भरलं. नंतर उलगडा होत गेला, पण तो विषय वेगळा.

ऑगस्टमध्ये तिथल्या मंडळीतलं एक कुटुंब मला म्हणालं, "तू डोंगरातल्या लोकांत काम करतोस ना, मग तुला एक डोंगर दाखवतो." पहाटे गाडीने निघालो आणि निइगाता प्रांतातल्या एचिगो-त्सुमारी नावाच्या भागात गेलो. तोकामाची शहर आणि त्सुनान गाव मिळून हा भाग ७६० चौरस किलोमीटरचा आहे. आपली मुंबई उपनगरांसकट त्यात मावेल. वस्ती मात्र विरळ. डोंगरउतारावर पायऱ्यापायऱ्यांची भातखाचरं आणि मधूनच दहापंधरा घरांच्या वाड्या. हिवाळ्यात तिथे तीन-चार मीटर बर्फ पडतं. भात इतकं चांगलं की सगळ्या जपानात त्याचं नाव आहे. तरी तरुण मुलं टोकियोला जातात आणि परत येत नाहीत. शाळा बंद पडतात, घरं बर्फाच्या भाराने मोडतात. म्हाताऱ्या माणसांनी दोन खाचरं सोडली की तिसऱ्या वर्षी तिथे गवत आणि पाचव्या वर्षी झाडी.

या डोंगरात २००० सालापासून साधारण दर तीन वर्षांनी एक कला महोत्सव भरतो. तो कुठल्या हॉलमध्ये नसतो. शेतात, जंगलात, बंद शाळांत, रिकाम्या घरांत देशोदेशीचे कलावंत येऊन कामं उभी करतात. त्यातली दोनशेच्या आसपास कामं कायमची तिथेच आहेत. पाहणाऱ्याने एक पासपोर्टसारखी पुस्तिका विकत घ्यायची आणि गावोगाव हिंडून तिच्यावर शिक्के मारून घ्यायचे. लहान मुलांसारखा मीही शिक्के गोळा करत होतो. पहिल्या महोत्सवाला दीड लाखावर लोक आले होते. मी गेलो त्या वर्षी पाच लाखांहून अधिक.

मी पाहिलेलं पहिलं काम मात्सुदाई स्टेशनच्या अगदी शेजारी आहे. इल्या आणि एमिलिया काबाकोव या सोव्हिएत संघात जन्मलेल्या पतिपत्नींनी ते केलं. समोर टेकडीवर खरी भातखाचरं आहेत आणि त्यांत निळ्या-पिवळ्या रंगाच्या, सपाट पत्र्यातून कापल्यासारख्या माणसांच्या आकृत्या उभ्या आहेत. एक जनावर हाकून नांगरतो आहे, एक बी फोकतो आहे, काही जण वाकून लावणी करताहेत, कुणी कापणी करतो आहे, कुणी माल विकायला निघाला आहे. अलीकडच्या बाजूला एक सज्जा आहे. तिथे एका चौकटीत अक्षरं टांगली आहेत. ठरावीक जागी उभं राहिलं की त्या कामांबद्दलचे शब्द बरोबर त्या त्या आकृतीवर येऊन पडतात. पुस्तकाच्या पानात शेत छापल्यासारखं दिसतं.

मी तिथे बराच वेळ उभा राहिलो. लावणीची ती वाकलेली पाठ मी लहानपणापासून पाहत आलो आहे. आपल्याकडे आवणी करणाऱ्या बाईचा पुतळा कुणी कधी उभारला आहे का? घोड्यावरचे खूप पाहिले.

पण माझ्या यजमानबाईंनी मला पुतळ्यांपेक्षा मोठी गोष्ट सांगितली. त्या खाचरांचे मालक वयस्कर गृहस्थ होते. सुरुवातीला ते साफ नाही म्हणाले. पूर्वजांनी राखलेल्या जमिनीत असलं काही नको. त्यांना दुखापत झाली होती आणि शेतीच सोडायचा त्यांचा विचार चालला होता. मग त्यांना कामाची चित्रं दाखवली. हे आपल्या कष्टाबद्दल आहे, हे त्यांच्या लक्षात आलं, तेव्हा ते हो म्हणाले. आणि शेती सोडायला निघालेला तो माणूस पुढे काही वर्षं ती खाचरं करत राहिला.

हा 'हो' मिळवायला वर्षं लागली, आणि ती एका मालकापुरती नव्हती. या सगळ्याचे सूत्रधार किटागावा फ्राम नावाचे गृहस्थ. नव्वदच्या दशकात त्यांनी हे मांडलं तेव्हा गावकरी आणि नगरपालिकांचे लोक दोघांचाही विरोध होता. रस्ते हवेत, दवाखाने हवेत, पुतळे कशाला? हा प्रश्न काही चुकीचा नव्हता. वर्षानुवर्षं बैठका झाल्या. शहरातली कॉलेजची मुलं स्वयंसेवक म्हणून यायची. त्यांच्या गटाला कोहेबी-ताई म्हणतात, म्हणजे छोट्या सापांची तुकडी. ती मुलं दारोदार जायची आणि दारं बंद व्हायची. एका आजींनी मला हसत हसत सांगितलं, "आम्हाला वाटलं, ही कुठल्या तरी नव्या पंथाची माणसं धर्मांतर करायला आली आहेत." हे ऐकून मी जरा जास्तच हसलो. मिशनच्या माणसाला ती बंद दारं ओळखीची असतात.

मग त्या मुलांनी काय केलं? गवत काढलं. छपरांवरचं बर्फ उपसलं. कापणीला हात लावला. २००४ मध्ये त्या भागात मोठा भूकंप झाला तेव्हा घरं आवरायला गेली. कला नंतर.

दुपारी आम्ही उबुसुना नावाच्या घरात जेवलो. १९२४ साली बांधलेलं गवती छपराचं मोठं घर. त्याच भूकंपात ते खिळखिळं झालं होतं. पाडून टाकायचं, तर ते दुरुस्त करून २००६ मध्ये मातीकामाच्या कलावंतांच्या हाती दिलं. चूल, मोरी, न्हाणी, सगळं भाजलेल्या मातीचं आणि सगळं एकेका कलावंताने घडवलेलं. खाली जेवणघर आहे. ते गावातल्या बायका चालवतात, आणि गाव म्हणजे हाताच्या बोटांवर मोजावीत एवढी घरं. परसातली भाजी, डोंगरातला पाला, स्वतःचा भात, आणि कलावंतांनी केलेल्या भांड्यांत वाढलेलं. बायका सत्तरीच्या आसपासच्या. वाढता वाढता त्या पाहुण्यांना प्रत्येक भाजी कुठल्या बांधावर येते ते सांगत होत्या. परदेशी पाहुणे माना डोलवत होते. एका आजीने मला दोनदा भात वाढला. मी नको म्हणत होतो, पण नको म्हटल्यावर जास्त वाढायची पद्धत तिकडेही आहे.

मंडळी, पैसा कसा येतो ते मी तिथे नीट पाहिलं, कारण मला पाठवलं होतं ते त्याचसाठी. शेतातल्या शिल्पाकडे पाहायला फार काही द्यावं लागत नाही. पण कामं मुद्दाम लांबलांब ठेवलेली आहेत. एक पाहून दुसऱ्याकडे जाताना तुम्ही चार वाड्यांतून जाता, वाट चुकता, विचारता. भूक लागते, मग तिथल्या लाकडी ताटातल्या त्यांच्या खास शेवया खाता. संध्याकाळ होते, मग गरम पाण्याच्या झऱ्याशेजारच्या खाणावळीत राहता. निघताना पाच किलो तांदूळ घेता. जेम्स टरेल या अमेरिकी कलावंताने केलेल्या घरात आणि मारिना अब्रामोविच यांच्या 'स्वप्नघरा'त तर रात्री मुक्कामच करायचा असतो. स्वप्नघरात पेटीसारख्या बिछान्यात झोपायचं आणि सकाळी पडलेलं स्वप्न वहीत लिहायचं. माझी हिंमत झाली नाही, आणि परवडणारंही नव्हतं. ते घर गावचे लोक सांभाळतात, चादरी तेच धुतात, मोबदला त्यांनाच मिळतो.

दुसरी बाजूही सांगतो, कारण मागच्या वेळी मी ती सांगितली नव्हती. त्या भागातली लोकसंख्या अजूनही कमीच होते आहे. महोत्सवाने ते थांबलं नाही. बर्फ पडायच्या आधी कित्येक कामं झाकावी किंवा उतरवावी लागतात. कुजलेलं लाकूड बदलावं लागतं, वाटेवरचं गवत काढावं लागतं. कलावंत काम करून आपल्या देशी जातो आणि गवत मात्र तिथल्या सत्तर वर्षांच्या म्हाताऱ्याने काढायचं असतं. आणि एक बंद शाळा आम्ही पाहिली, क्रिस्तियान बोल्तान्स्की यांनी केलेलं काम. 'शेवटचा वर्ग' असं त्याचं नाव. अंधारात मिणमिणते दिवे, फिरणारे पंखे आणि कुठून तरी हृदयाचे ठोके ऐकू येतात. त्या शाळेत मुलं परत येणार नाहीत हे सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्यासोबतच्या यजमानबाई तिथून लवकर बाहेर पडल्या.

आता ज्याची मला कल्पनाच नव्हती ते सांगतो. परतायच्या आधी यजमान म्हणाले, "इथे जवळच तुझ्या देशाचं एक संग्रहालय आहे." तोकामाचीतच, झाडीत, एका बंद पडलेल्या शाळेच्या इमारतीत मिथिला म्युझियम आहे. तोकियो हासेगावा यांनी १९८२ मध्ये सुरू केलेलं. नावाप्रमाणे बिहारची मधुबनी चित्रं तिथे पुष्कळ आहेत. पण पुढच्या खोलीत गेलो आणि समोर आमची वारली चित्रं. डहाणूतल्या गंजाडचे जिव्या सोमा मशे तिथे येऊन राहून गेले होते, चित्रं काढून गेले होते. मोठमोठी, भिंत भरून टाकणारी. माश्यांसाठी टाकलेलं जाळं, मुंग्यांसारखी माणसं, सगळं त्या पांढऱ्या बारीक रेघेत. जिव्याबाबा त्याच वर्षी मे महिन्यात वारले होते. ती बातमी मला तिकडे शेणखत उचलताना फोनवर कळली होती. आणि आता बर्फाच्या मुलखात, पायातले बूट बाहेर काढून, मी त्यांच्या रेघेपुढे उभा. सांगायला लाज वाटत नाही, मला रडू आलं. आमच्या पाड्यांपासून गंजाड एका एसटीच्या अंतरावर आहे, आणि त्यांचं एवढं मोठं काम मी पहिल्यांदा पाहिलं ते जपानात.

अशा भरलेल्या मनाने मी डिसेंबरात परत आलो. भरलेल्या मनाचा माणूस घाई करतो.

जानेवारीत मी एका मोठ्या कागदावर नकाशा काढला. बसथांब्यापासून धबधब्यापर्यंत दोन किलोमीटरची वाट, वाटेवर दहा ठिकाणं. पहिल्या ठिकाणी तारपा वाजवणारा, दुसऱ्या ठिकाणी आवणीच्या बायका, हे काबाकोवकडून उचललेलं होतं, उघड आहे. चौथ्या ठिकाणी मी लिहिलं: 'वाघदेव, पारंपरिक शिल्प'. पाड्याच्या शिवेवर जुना लाकडी वाघदेव आहे. त्यावर वाघ, चंद्र, सूर्य कोरलेले. मला वाटलं, हे तर तयारच आहे, खर्चही नाही. तो नकाशा मी आधी तुम्हाला दाखवला, तुम्ही कौतुक केलंत, देणग्या दिल्यात, आणि मग मी तो पाड्यावर घेऊन गेलो. हा क्रम लक्षात घ्या. सगळी चूक त्या क्रमात आहे.

पाड्यावर बैठक बसली. आमच्या मंडळीची चार-पाच घरं, बाकी आपल्या जुन्या देवांना मानणारी. नकाशा जमिनीवर पसरला. सगळे वाकून पाहत होते. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एक आजी म्हणाल्या, "दादा, वाघदेवाला चार नंबर का?"

मी समजावू लागलो की नंबर म्हणजे फक्त क्रम आहे. त्या म्हणाल्या, "तिथं लोक तिकीट काढून येणार?" मी म्हणालो, तिकीट नाही, फक्त पाहतील. "चपला घालून?" मग एक जण म्हणाला की आम्ही वाघबारशीला तिथे जातो, एरवी त्या बाजूला उगाच जात नाही. लेकरांनाही जाऊ देत नाही. आणि सगळ्यांत मला लागलं ते आमच्याच मंडळीतल्या एका भावाचं बोलणं. तो म्हणाला, "दादा, मी वाघदेव पुजत नाही. पण तो माझ्या काकांचा आहे. तुम्ही आमच्या चर्चच्या वेदीला नंबर दिला असता का?"

मी नकाशा गुंडाळला. चहा घेतला आणि निघालो. गाडीवर बसल्यावर आठवलं की त्या जपानी खाचरांच्या मालकाची गोष्ट मी स्वतःच सगळ्यांना सांगत फिरत होतो. गोष्ट पाठ होती, पण ती माझ्यावर बेतली तेव्हा ओळखू आली नाही.

पुढे कोरोनाची दोन वर्षं आली आणि सगळंच थांबलं. त्या काळात धान्यवाटपासाठी आमचं पाड्यावर जाणं वाढलं. तेव्हा कागद नव्हता म्हणून बोलणं जास्त झालं. बायकांनी जे सांगितलं ते मला आधीच दिसायला हवं होतं. धबधबा वाहतो जुलै-ऑगस्टात. शहरातले लोक येतात तेव्हाच. आणि पाड्यावरची प्रत्येक बाई त्या दिवसांत कमरेत वाकून आवणी करत असते. पाहुण्यांना भाकरी भाजून कोण देणार? जपानात हे सांभाळलेलं आहे. मी गेलो त्या वर्षी महोत्सव भरला तो लावणी उरकल्यावर आणि कापणीच्या आधी. आपल्याकडे पैशाची गरज असते दिवाळीनंतर. तेव्हा भात घरात आलेला असतो, तो महिना-दोन महिने पुरतो, आणि मग कुटुंबंच्या कुटुंबं भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. मुलांची शाळा सुटते. त्या दिवसांत धबधबा कोरडा असतो. म्हणजे जेव्हा पाहुणे आहेत तेव्हा हात मोकळे नाहीत, आणि हात मोकळे आहेत तेव्हा पाहुणे नाहीत. पुतळे उभारून हे गणित सुटत नव्हतं.

दुसरं पाणी. एप्रिल-मे मध्ये बायका हंडे घेऊन दरीत उतरतात. तिथे पन्नास पाहुणे आणले, तर ते हात कशाने धुणार?

याच सुमारास एक कंपनी पुढे आली. नाव सांगत नाही. सीएसआरच्या पैशातून वाटेवर फायबरचे बारा पुतळे बसवून देणार होती. नाचणारे आदिवासी, डोक्यावर हंडा घेतलेली स्त्री, धनुष्यबाण घेतलेला माणूस. पुतळे शहरात तयार होऊन येणार, बसवणारा ठेकेदार बाहेरचा, आणि प्रवेशद्वारावर कंपनीची पाटी. आमच्या समितीत दोन मतं पडली, खोटं कशाला बोलू? फुकट मिळत होतं. गावाला विचारलं. आपला तालुका पेसाखाली येतो, वाट काही ठिकाणी वनजमिनीतून जाते, त्यामुळे ग्रामसभेला विचारणं कायद्यानेही भाग होतं. पण आता कायद्यासाठी नव्हे, शहाणपणासाठी विचारलं. ग्रामसभेत एका तरुण मुलीने हंडेवालीचा फोटो पाहिला आणि म्हणाली, "ही बाई कायम हंडा घेऊनच उभी राहणार का? नळ आला तरी?" सभा हसली आणि ठराव नामंजूर झाला.

आता जे आहे ते सांगतो. फार मोठं नाही.

पाड्यावर पिठाची गिरणी आल्यापासून प्रत्येक घरामागे जुनं दगडी जातं पडून आहे. कुणाचं फुटकं, कुणाचं खुंट्याविना. उखळंही तशीच. त्याच मुलीच्या डोक्यातून निघालं की ही घराघरांची जाती वाटेच्या कडेला, त्या त्या घराच्या शेताच्या बांधावर मांडायची. कुणाची मेहनत, कुणाचा ठेकेदार? चार पोरं आणि एक बैलगाडी. ज्या घरांना नको होतं त्यांनी दिलं नाही, तिथे जागा मोकळी आहे. वाट वाघदेवापासून दूर, ओढ्याच्या वरच्या अंगाने वळवली आहे. त्याने चालणं थोडं वाढलं. काका, तुम्ही त्या जात्यांपाशी बसून पाणी प्यायलात, हे तुम्हीच मला सकाळी सांगितलंत. पुतळे शोधत होतात म्हणून ती दिसली नसावीत.

समितीतल्या एका ज्येष्ठ भावाने मला विचारलं होतं की, दगड मांडणं हे मिशनचं काम आहे का? आपल्या धर्मात मूर्ती उभारायला मनाई आहे ना? मी त्यांना यहोशवाच्या पुस्तकाची आठवण दिली. यार्देन ओलांडल्यावर प्रत्येक वंशाच्या माणसाने नदीतला एकेक धोंडा खांद्यावर घेतला आणि ते गिलगालात मांडले. त्या धोंड्यांची पूजा करायची नव्हती. मुलांनी विचारावं आणि बापाने सांगावं, एवढ्यासाठी ते होते. तो भाऊ समाधान पावला की गप्प बसला, ते मला सांगता येणार नाही. पण जात्यापाशी कुणी थांबलं की घरातली म्हातारी हमखास बाहेर येते आणि सांगू लागते. नागली कशी दळायची, वरईला हात हलका का लागतो, सासूने पहाटे कसं उठवलं.

बायकांचा एक गट दिवाळीनंतर शनिवार-रविवारी पाहुण्यांना जेवण देतो. नागलीची भाकरी, उडदाची डाळ, ऋतूप्रमाणे भाजी. आधी कळवलं तरच. पैसे गटाच्या खात्यात जातात. गाड्या लावण्याचे पैसे ग्रामसभा घेते, आणि पहिल्या हंगामातून तिने वाटेवर दोन बाक आणि कचऱ्याचे पिंप घेतले. या हिवाळ्यात गटातल्या तीन कुटुंबांनी भट्टीची उचल घेतली नाही. तीनच. बाकीची गेली. हा आकडा तुम्हाला लहान वाटेल, पण त्या तीन घरांतली मुलं मार्चमध्ये शाळेत होती. मी स्वतः हजेरीपट पाहिला.

आता माझी विनंती. तुम्ही दिलेले पैसे पुतळ्यांसाठी दिले होते. ते दुसऱ्या कामाला वापरायचे तर तुम्हाला विचारल्याशिवाय वापरता येणार नाहीत. ग्रामसभेने दोन गोष्टी मागितल्या आहेत. एक, उन्हाळ्यात पुरेल अशी पाण्याची साठवण टाकी. दोन, दोन शौचालयं, कारण पाहुणे झाडीत जातात आणि त्याचा त्रास पाड्याला होतो. मागच्या टेबलावर फॉर्म आहे. ज्यांना मान्य आहे त्यांनी सही करावी. ज्यांना मान्य नाही त्यांनी तसं लिहावं, त्यांची रक्कम परत करू आणि मनात काही ठेवणार नाही. निवडीचा हक्क तुमचा आहे, आणि या वेळी मला क्रम चुकवायचा नाही.

एक शेवटचं. दिवाळीनंतर ज्यांना यायचं आहे त्यांनी निदान आठ दिवस आधी ऑफिसला फोन करावा. एका वेळी बाराहून जास्त पाहुणे नकोत, असं बायकांनी ठरवलं आहे. चुली दोनच आहेत. पाण्याची बाटली घरून भरून आणा. वाटेवर वळण लागेल तिथे डावीकडे दोरी बांधलेली दिसेल. त्या दोरीपलीकडे जाऊ नका, आणि फोटोही काढू नका. आणि आजी भाकरी पुन्हा वाढायला आल्या तर नको म्हणू नका. काही उपयोग होत नाही.